मोहोर आणि मोहर

महाशिवरात्रीस शंकराला बेलाबरोबर आंब्याचा मोहोर वाहण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तिथी पंचांगावरून ठरते; मोहोर पंचांग पाहून येत नाही. २०२३ साली महाशिवरात्र १८ फेब्रुवारीस पडली, २०२४ साली ती ८ मार्चला आली. अधिक मासाच्या हिशेबाने तिथी अशी मागेपुढे सरकत राहते आणि आम्रवृक्ष आपल्या निराळ्याच गणिताने चालतो. एखाद्या वर्षी देवळाच्या परसातले झाड पौषातच डवरून येते. एखाद्या वर्षी माघ सरत आला तरी फांद्यांवर नुसती तांबूस पालवी डोलत असते. पुजारी म्हणतात, "यंदा थंडी पडली नाही." हे उत्तर बरोबर आहे, परंतु त्याने मूळ प्रश्न मिटत नाही. थंडी पडली हे झाडाला कळते कसे? कळल्यावर त्याची नोंद कोठे होते? आणि त्या नोंदीचा अंमल कोण करतो? ह्या प्रश्नांच्या मागे लागून मनुष्याची दीडशेहून अधिक वर्षे खर्ची पडली आहेत. त्या शोधाचा इतिहास आम्हांस एखाद्या पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या दाव्यासारखा भासतो. त्यात सचोटीचे साक्षीदार आहेत, एक उतावळा वादी आहे, आणि एका निरपराध मनुष्याचा बळीही आहे.

प्रथम हापूसच्या कलमाची साक्ष काढू. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढे त्यांच्या जेझुइट पाद्र्यांनी आंब्यावर कलमे बांधण्याची विद्या गोमंतकात वाढीस लावली, असे मानतात. हापूस हे नाव आफोन्सो द आल्बुकर्क ह्याच्या नावावरून आले, आणि मानकुराद हे 'मालकोरादो' म्हणजे रंगाने उणा ह्या शब्दाचे रूप, असे सांगण्यात येते. नावे कशीही पडलेली असोत. कलमाचे मर्म असे की, त्यात बीज नवे नसते. मूळ झाडाची डहाळीच दुसऱ्या खुंटावर नांदत असते. तेव्हा बारीकसारीक भेद सोडले तर देवगडचा, रत्नागिरीचा आणि वलसाडचा हापूस हे आनुवंशिक दृष्ट्या एकच झाड आहे. असे असता एक बाग कार्तिकातच मोहोरते आणि दुसरी माघापर्यंत रखडते. इतकेच नव्हे, तर एकाच झाडाची एक फांदी मोहोरलेली आणि तिच्या शेजारची पालवलेली आपण डोळ्यांनी पाहतो. हा भेद बीजातला असूच शकत नाही.

मराठीत 'कलम' हा शब्द बागाइतदाराचाही आहे आणि वकिलाचाही आहे, ही आमच्या पक्षी मोठी सोय झाली. झाडाच्या प्रत्येक पेशीत कायद्याचा संपूर्ण ग्रंथ असतो. त्यातील हजारो कलमे म्हणजे जनुके. मुळाच्या पेशीत तोच ग्रंथ, पानाच्या पेशीत तोच, मोहोरातही तोच. भेद पडतो तो एवढाच की, कोठे, केव्हा, कोणते कलम लागू आहे आणि कोणते तहकूब. कलम लागू होते म्हणजे त्याची आरएनए नावाची नक्कल निघते आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिन बनते. ह्यालाच शास्त्रज्ञ जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. ऋतू बदलला की ग्रंथ बदलत नाही. लागू कलमांची यादी बदलते. हे आज दोन वाक्यांत सांगता येते, परंतु हे सिद्ध व्हायला जो काळ लागला त्यात साम्राज्ये उलथली.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आम्ही हे लिहितो ते सुरतेच्या नवागाम भागातून. ह्या भागात जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या जिल्ह्यांतून कापडाच्या कारखान्यांपायी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सुरतेची थंडी ती काय! परंतु पौष महिन्यात येथल्या ओट्यांवर थंडीचीच चर्चा चालते, कारण ज्या तापीच्या मुखाशी हे लोक राहतात तिच्याच वरच्या अंगाला, रावेर-यावल-चोपड्याकडे, त्यांच्या भावाबंदांच्या केळीच्या बागा आहेत. कोकणातला बागाइतदार थंडी केव्हा पडते म्हणून आभाळाकडे डोळे लावून बसतो. खानदेशातला थंडी केव्हा उतरते म्हणून. आंब्याला थंडी हा निरोप आहे, केळीला ती आपत्ती आहे. वनस्पतीच्या दरबारात ह्या दोन बाबींची दोन निरनिराळी दप्तरे आहेत. आपत्तीच्या दप्तराचे काम घटकाभरात सुरू होते. ऋतूच्या दप्तराला निर्णय द्यायला आठवडेच्या आठवडे लागतात. इतिहास घडला तो मुख्यतः ह्या दुसऱ्या, संथ दप्तरात, आणि तो घडला गव्हाच्या निमित्ताने.

थंड देशांत गव्हाच्या दोन जाती पेरतात. एक वसंतात पेरून उन्हाळ्याअखेर कापायची. दुसरी शरदात पेरायची, ती हिवाळाभर बर्फाखाली निजते आणि पुढल्या उन्हाळ्यात ओंबीस येते. ही हिवाळी जात वसंतात पेरली तर नुसता पाला माजतो, ओंबी धरत नाही. १८५७ साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कृषिमंडळाचे चिटणीस जॉन क्लिपार्ट ह्यांनी नोंदवून ठेवले की, हिवाळी गव्हाला किंचित मोड आणून तो वसंतापर्यंत गोठवून ठेवला आणि मग पेरला तर तो वसंती गव्हासारखा वागतो. ही नोंद दप्तरी पडून राहिली. १९१८ साली जर्मनीत गुस्ताव गास्नर ह्यांनी पद्धतशीर प्रयोग करून दाखवले की, मोड आलेल्या हिवाळी रायला शून्याहून किंचित वरची थंडी काही आठवडे मिळाली तरच पुढे तिला फुलोरा येतो. म्हणजे थंडी भोगते ते बी, आणि फळ दिसते ते कित्येक आठवड्यांनी, ऐन उन्हात. मधल्या काळात थंडीची आठवण रोपात कोठे तरी जपून ठेवलेली असली पाहिजे. गास्नरांनी प्रश्न अचूक मांडला. तो सोडवण्याची साधने त्या काळी नव्हती.

ह्यानंतर रंगमंचावर आला त्रोफिम लिसेन्को. युक्रेनमधील शेतकऱ्याचा हा मुलगा. १९२९ साली त्याच्या वडिलांनी भिजवलेला हिवाळी गहू बर्फात ठेवून वसंतात पेरला आणि तो ओंबीस आला, ही वार्ता सोव्हिएत वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतली. ह्या क्रियेला त्याने जे रशियन नाव दिले त्यावरून पुढे लॅटिन धर्तीचा पाश्चात्त्य शब्द आला, आणि आपल्याकडे 'वासंतीकरण' हा शब्द रूढ झाला. नाव चांगले आहे, आणि क्रियाही खरी आहे. हे स्पष्ट सांगणे आम्ही अगत्याचे समजतो, कारण लिसेन्कोचा दावा मुळातच खोटा होता असे समजून चालणारे पुष्कळ असतात. तसे नव्हते. दाव्याचा पाया खरा होता. त्याने मागितलेली दाद मात्र पुराव्याच्या कितीतरी बाहेर गेली. त्याचे म्हणणे असे पडले की, थंडीने गव्हाचा स्वभावच पालटतो, आणि हा पालट बीजावाटे पुढील पिढ्यांत उतरतो. आनुवंशिकतेचे नियम, मेंडेलची जनुके, हे सारे त्याने भांडवलशाहीचे थोतांड ठरवले. सामूहिक शेतीने उजाड झालेल्या देशाला झटपट पीक हवे होते आणि सत्ताधीशांना शेतकऱ्याच्या पोटचा शास्त्रज्ञ हवा होता. लक्षावधी हेक्टरांवर भिजवलेले बी पेरण्याचे फर्मान सुटले.

निकोलाय वाविलोव्ह हे त्या काळचे रशियाचे श्रेष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ. जगातील पिकांची मूळ माहेरे कोठे, ह्याचा शोध घेत ते देशोदेशी हिंडले आणि लेनिनग्राड येथे त्यांनी बियाण्यांचा अपूर्व संग्रह उभारला. आरंभी त्यांनी वासंतीकरणाच्या प्रयोगांची वाखाणणीच केली. पुराव्यास मान देणाऱ्याची ती रीत होती. पुढे लिसेन्कोने आनुवंशिकतेवरच घाला घातला तेव्हा ते आडवे उभे राहिले. ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना अटक झाली, जुलै १९४१ मध्ये मृत्युदंड सुनावण्यात आला, पुढे तो वीस वर्षांच्या कारावासावर आणला गेला, आणि २६ जानेवारी १९४३ रोजी साराटोव्हच्या तुरुंगात उपासमारीने त्यांचा अंत झाला. साऱ्या जगाची भूक भागावी म्हणून ज्याने बी जमवले तो अन्नावाचून गेला. तिकडे वेढा पडलेल्या लेनिनग्राडात त्यांच्या काही सहकाऱ्यांनी भुकेने प्राण सोडले, पण संग्रहातील धान्याला हात लावला नाही. १९४८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत कृषिअकादमीच्या अधिवेशनात जनुकशास्त्रावर अधिकृत बंदीच आली. वाविलोव्ह ह्यांची शिक्षा १९५५ साली न्यायालयाने रद्द केली. लिसेन्कोचे आसन १९६४-६५ पर्यंत टिकले. मृताला निर्दोष ठरवणारा निकाल वाचताना कायद्याच्या व्यवसायातील मनुष्याला जी लाज वाटते ती शब्दांत मांडणे कठीण. इंग्लंडचे थोर जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, जे १९५७ साली भारतात आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले, त्यांनीही त्या काळात पक्षनिष्ठेपायी लिसेन्कोचा रोखठोक निषेध करण्याचे दीर्घकाळ टाळले. एवढा मोठा साक्षीदार गप्प बसला, ही बाब आमच्या मते विसरण्याजोगी नाही.

ह्या कोलाहलात खरे काम शांतपणे अन्यत्र चालले होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात फ्रेडरिक ग्रेगरी आणि ऑलिव्ह पर्व्हिस ह्या बाईंनी रायचा भ्रूण दाण्यातून सोडवून घेतला, त्याला साखरेवर पोसले आणि थंडी दिली. तरीही वासंतीकरण झालेच. म्हणजे स्मृती दाण्याच्या पिठात नसून जिवंत भ्रूणात आहे. त्यांनीच पुढे दाखवले की, अपुरी थंडी दिलेल्या दाण्याला लगेच सुमारे ३५ अंशांची ऊब काही दिवस दिली तर ती स्मृती पुसली जाते. थंडी पुरेशी झाली असेल तर मात्र पुसता पुसत नाही. नोंद कच्ची असते आणि मग पक्की होते, हे येथे प्रथमच ध्यानात आले. जर्मनीत गेओर्ग मेल्खर्स आणि आंटोन लांग ह्यांनी खुरासानी ओव्याच्या द्विवर्षायू रोपांना थंडी देऊन नंतर त्यांना फुलता येऊ नये अशा लहान दिवसांत कित्येक महिने कोंडून ठेवले. दिवस मोठे करताच रोपे फुलली. इतका काळ थंडीची आठवण ताजी होती.

आपल्या देशातही ह्या विषयाचा एक आश्रम होता असे म्हटले तर वावगे होणार नाही. जगदीशचंद्र बोस ह्यांचे साहाय्यक बोशी सेन हे विवेकानंदांचे शिष्य स्वामी सदानंद ह्यांच्या सहवासात घडलेले. १९२४ साली त्यांनी कलकत्त्यात स्वामीजींच्या नावाने प्रयोगशाळा काढली आणि १९३६ साली ती हिमालयात अलमोड्याला हलवली. तेथे सेन आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती ह्यांनी मोहरीच्या वासंतीकरणाचे प्रयोग केले. थंडी दिलेले बी लवकर फुलोऱ्यावर येते, हे भारतीय पिकावर पडताळून पाहिले. सोव्हिएत देशात ज्या प्रश्नावरून माणसे तुरुंगात जात होती तोच प्रश्न ह्या डोंगरातल्या घरात कोणत्याही गर्जनेवाचून तपासला जात होता. सेन ह्यांना १९५७ साली पद्मभूषण मिळाले. १९७१ साली ते निवर्तले, आणि १९७४ साली ती प्रयोगशाळा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेली. आज ती विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्था म्हणून कार्य करीत आहे.

स्मृती कोठे असते ह्याचे उत्तर अखेर एका क्षुद्र तणाने दिले. मोहरीच्या कुळातील अरबिडॉप्सिस हे वीतभर रोपटे. खाण्याच्या उपयोगाचे नाही, पूजेच्याही नाही. क्लाउस नाप-त्सिन ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात ह्या रोपाच्या हिवाळी व उन्हाळी जातींचे संकर करून, थंडीची गरज कोणत्या जनुकांमुळे निर्माण होते ते छाननीस घेतले. १९९९ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील दोन प्रयोगशाळांनी मुख्य जनुक हाती आणले. त्याचे नाव एफ. एल. सी. हे जनुक म्हणजे फुलोऱ्यावरील मनाईहुकूम होय. ते लागू असेतो रोपाला फुलता येत नाही. थंडीचे काम फुलवण्याचे नाही, मनाई उठवण्याचे आहे.

मनाई कशी उठते, ह्याचा उलगडा इंग्लंडमधील नॉर्विच येथील जॉन इनेस केंद्रात कॅरोलाइन डीन ह्यांनी आणि अन्य काही प्रयोगशाळांनी केला. डीन ह्यांना २०२० साली वुल्फ पारितोषिक मिळाले ते ह्याच कार्याबद्दल. पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रीळ सैल असेल तर कलम वाचता येते, घट्ट असेल तर नाही. थंडी आठवड्यांमागून आठवडे टिकली की पेशीत एक प्रथिन हळूहळू साठत जाते, आणि त्याच्या साह्याने पॉलिकोंब नावाच्या प्रथिनांचा संच एफ. एल. सी.च्या एका लहानशा भागातील रिळांवर रासायनिक खूण उमटवतो. ही ती मोहर. थंडीच्या दिवसांत ती एका ओळीपुरतीच असते. ऊब परतल्यावर ती त्या संपूर्ण जनुकावर पसरते आणि पान सीलबंद होते. पेशी दुभंगून नवी झाली तरी मोहर नव्या पेशीत उतरते. ग्रंथातील एकही अक्षर खोडलेले नसते. आपल्या भाषेत झाडाचा मोहोर आणि दप्तराची मोहर ह्यांत एका ओकाराचेच अंतर आहे. वनस्पतीच्या दप्तरात तर मोहर बसल्यावाचून मोहोर येत नाही.

आता अपुऱ्या थंडीची गोष्ट. चार आठवड्यांची थंडी मिळालेले रोप आठ आठवडेवाल्यापेक्षा उशिरा फुलते. सहज वाटते की, प्रत्येक पेशीत मनाई अर्धवट उठत असेल. २०११ साली डीन आणि गणितज्ञ मार्टिन हॉवर्ड ह्यांच्या गटाने दाखवले की, तसे नसते. प्रत्येक पेशीचा निर्णय पूर्णच असतो: मोहर आहे किंवा नाही. थंडी वाढते तशी मोहर बसलेल्या पेशींची संख्या वाढते. रोपाची अर्धी आठवण म्हणजे अर्ध्या पेशींचे मतदान. कोणा एका मेंदूवाचून, केवळ हात वर करणाऱ्यांच्या संख्येवरून, हे इवलेसे गवत हिवाळा किती लांबला ते जोखते. वसंताच्या तोंडाशी दोन दिवस गारठा पडला तर ते फसत नाही, आणि हिवाळ्याच्या मध्यात चार दिवस ऊन पडले तरीही फसत नाही.

आणि बीजात काय उतरते? हाच लिसेन्कोचा मूळ मुद्दा होता. उत्तर असे की, बी तयार होताना भ्रूणात ती मोहर पुसली जाते आणि मनाईहुकूम पुन्हा पूर्ववत लागू होतो. आईने भोगलेला हिवाळा लेकराच्या खाती जमा होत नाही. तसे न होते तर थंडी भोगलेल्या रोपाचे बी शरदातच फुलोऱ्यावर येऊन बर्फात मेले असते. वासंतीकरणाची स्मृती खरी होती, पण ती एकाच जन्मापुरती होती. वाविलोव्ह तुरुंगात गेले त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी हा मुद्दा रेणूंच्या साक्षीने निकालात निघाला.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. जी गोष्ट ह्या तणाची ती शब्दशः गव्हाची नव्हे. गव्हात थंडीने एक फुलवणारे जनुक जागे होते आणि ते मनाईच्या जनुकाला दडपते. डाव उलट्या अंगाने, निकाल तोच. आपल्या देशातील बहुतेक गहू वसंती जातींचे, त्यांना हिवाळ्याची अटच नाही. ते थंडीत वाढतात, पण तिची वाट पाहत नाहीत. नॉर्मन बोरलॉग ह्यांनी मेक्सिकोत वर्षाला दोन पिके घेण्यासाठी उत्तरेकडचे सोनोरा आणि दक्षिणेकडचे उंचावरचे टोलुका अशा दोन ठिकाणी आळीपाळीने बी नेले. त्या येरझाऱ्यांत दिवसाच्या लांबीचा हट्ट न धरणारी रोपे आपोआप निवडली गेली. त्याच वंशातील लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४ ह्या वाणांचे १८,००० टन बियाणे भारताने १९६६ साली आणले. ऋतूची काही कलमे सैल झालेले ते बी होते, म्हणूनच ते मेक्सिकोतून उचलून पंजाबात लावता आले.

आपत्तीच्या दप्तराचा इतिहास अलीकडचा. सराव नसलेली राय उणे ५ अंशांच्या सुमारास मरते. हळूहळू थंडीची सवय झालेली तीच राय उणे ३० पर्यंत तग धरते. ही सवय म्हणजे जनुकांच्या यादीतील बदल आहे, हे १९८५ साली पालकाच्या एका जातीवर दिसून आले. १९९७ साली अमेरिकेत मायकेल थॉमॅशो ह्यांच्या गटाने सी. बी. एफ. ह्या जनुकांपैकी पहिले वेगळे काढले. थंडी लागताच पाव तासात ती जागी होतात आणि शेकडो इतर जनुकांना कामास लावतात. पेशीत शर्करा साठते, पडदे लवचीक होतात. ह्या सी. बी. एफ.ला जागे करणारे एक प्रथिन २००३ साली सापडले. त्या निबंधाचे प्रथम लेखक विश्वनाथन चिन्नुसामी हे पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत नावारूपास आले. थंडीची पहिली चाहूल वनस्पतीला नेमकी कशाने लागते हा प्रश्न मात्र अनेकांनी अनेक अंगांनी पाहिला आहे. २०१६ साली दोन गटांनी दाखवून दिले की, उजेड ओळखणारे फायटोक्रोम हे प्रथिनच तापमापकाचेही काम करते. एकाच कारकुनाकडे दोन खाती असावीत, तसे हे.

आता तापीकाठच्या केळीकडे येऊ. केळ ही उष्ण, दमट अरण्याची लेक. तिच्यातही सी. बी. एफ. जनुके आहेत, पण ती असणे निराळे आणि त्यांच्या हुकमतीत बर्फ सोसण्याची फौज असणे निराळे. टोमॅटोत असेच आढळले आहे: सेनापती तोच, सैन्य थोडके. पारा १२-१३ अंशांखाली उतरून तेथेच राहिला की केळीची वाढ मंदावते, पाने पिवळी पडतात, घड बुंध्याच्या गळ्यातच अडकतो, आणि तयार फळाची साल आतून काळवंडते. शेतकरी रात्री पाणी देतो, बांधावर धूर करतो, वाऱ्याच्या बाजूला उंच गवताची ताटी लावतो. येथे आमच्यातल्या वकिलाला राहवत नाही. अलीकडच्या वर्षांतील हवामानावर आधारित फळपीक विम्याच्या अटींत केळीसाठी किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंश वा त्याहून कमी राहणे, अशी मर्यादा आढळते, आणि तापमान धरायचे ते महसूल मंडळातल्या यंत्राचे. केळीच्या पेशीला 'सलग' हा शब्द ठाऊक नाही. दोन रात्री ७ अंश, एक रात्र ९, पुन्हा दोन रात्री ७ अशी थंडी पडली तर झाडाच्या दप्तरी पाच रात्रींची हानी नोंदली जाते आणि विम्याच्या दप्तरी काहीच नाही. करार करायचा तर कोठे तरी रेघ ओढावी लागते हे आम्ही जाणतो. पण ती रेघ ओढताना यंत्राबरोबर पिकाचीही साक्ष घेतली जावी, अशी अपेक्षा गैर नव्हे.

आंब्याचे काय? पानांत बनून शेंड्याकडे जाणारा फुलोऱ्याचा निरोप, ज्याची कल्पना रशियन शास्त्रज्ञ चायलाख्यान ह्यांनी १९३७ च्या सुमारास मांडली होती, तो एफ. टी. नावाचे प्रथिन आहे हे २००७ साली सिद्ध झाले. आंब्यातही त्याचे भाऊबंद आहेत, आणि थंड रात्री पडू लागल्या की पानांतील त्यांचे काम वाढते, असे दिसून आले आहे. परंतु गहू वा त्या तणाप्रमाणे आंबा थंडी साठवून ठेवत नाही. डोळा फुटू लागतो त्या वेळीच रात्री गार असाव्या लागतात, आणि फांदीही पुरेशी जुनी, पक्व असावी लागते. ऐन वेळी ऊब आली तर त्याच डोळ्यातून मोहोराऐवजी पालवी निघते. कधी कधी एकाच शेंड्यावर अर्धी पालवी आणि अर्धा मोहोर. त्याच्या नोंदीला मोहर नाही, ती कच्चीच राहते. म्हणून लांबलेला पाऊस आणि उशिरा येणारी थंडी कोकणच्या बागाइतदाराला जेवढी भोवते तेवढी उत्तरेकडच्या हिवाळी गव्हाच्या शेतकऱ्याला क्वचितच भोवत असेल.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने, जे १९७२ साली स्थापन झाले, ह्यावर उपाय म्हणून पॅक्लोब्युट्राझोल मातीत देण्याची शिफारस केली. बागाइतदार त्याला कल्टार ह्या नावाने ओळखतात. जुलै-ऑगस्टात ते मुळांशी दिले की झाडातील जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक कमी होते, पालवी आवरते आणि थोड्या थंडीतही मोहोर येतो. तथापि थंडी जास्त लांबली तर निराळेच संकट उभे राहते. पहिल्या मोहोराला वाटाण्याएवढी फळे धरलेली असताना त्याच डहाळ्यांवर पुन्हा मोहोर फुटतो, झाडाचा रस तिकडे वळतो आणि धरलेली फळे गळून पडतात. हा पुनर्मोहोर रोखण्यासाठी जिबरेलिक आम्लाची फवारणी करावी, असे तेच विद्यापीठ सांगते. पावसाळ्यात जे संप्रेरक मुळांशी औषध ओतून दाबायचे, तेच पौष-माघात शेंड्यावर फवारायचे.